येती: शेर्पांचा, अस्वलांचा आणि वर्तमानपत्रांचा

पाऊलवाट

एव्हरेस्टच्या पायथ्याकडे निघालेली माणसे नामचे बाजार सोडून वर चढली की त्यांना खुमजुंग हे शेर्पांचे गाव लागते. ३,७९० मीटर उंचीवरच्या या गावाच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, एका कुलूपबंद पेटीत, शंकूच्या आकाराची आणि राठ तांबूस केसांची एक टोपीसारखी वस्तू जपून ठेवलेली आहे. दानपेटीत थोडे पैसे टाकले की तिथला माणूस कुलूप काढतो आणि ही येतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, डोक्याची कातडी आहे असे सांगतो. मी ती पाहिली तेव्हा आमच्या गटात सगळी महाराष्ट्रातलीच मंडळी होती आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, "हे खरे आहे का?" मलाही तेच विचारायचे होते. घरी परतल्यावर याविषयी वाचत गेलो, तेव्हा हा प्रश्न शेर्पांना कधी फारसा पडलाच नव्हता आणि तो आपल्यापर्यंत वर्तमानपत्रांतून आला आहे, असे माझे मत होत गेले. ते मत कसे बनले हे येथे सविस्तर मांडतो.

इंग्रजीतील पहिली महत्त्वाची नोंद १८३२ सालची आहे. काठमांडूतील ब्रिटिश रेसिडेन्सीत नोकरीला असलेले ब्रायन हॉजसन नेपाळातील पशुपक्ष्यांचा अभ्यास करीत असत. त्यांच्यासाठी नमुने गोळा करणारे शिकारी एकदा रानात एका 'रानमाणसाला' पाहून पळून आले. तो ताठ उभा राहून चालत होता, त्याच्या अंगावर लांब काळसर केस होते आणि त्याला शेपूट नव्हते, असे त्यांनी सांगितले. शिकाऱ्यांच्या मते तो राक्षस होता, तर हॉजसन यांना तो ओरांगउटान असावा असे वाटले. या नोंदीत बर्फही नाही आणि पांढरे केसही नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

१९२१ साली एव्हरेस्टची पहिली पाहणी मोहीम कर्नल चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखाली गेली. ल्हाकपा ला या खिंडीकडे चढताना वीस हजार फुटांहून अधिक उंचीवर त्यांना बर्फात मोठ्या पावलांचे ठसे दिसले. ते लांडग्याचे असावेत असे त्यांचे स्वतःचे मत होते, मात्र बरोबरच्या हमालांनी 'मेतोह-कांगमी' असे नाव घेतले. पुढे कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्रात लिहिणारे हेन्री न्यूमन यांनी मोहिमेवरून परतलेल्या हमालांची विचारपूस केली, 'मेतोह' म्हणजे गलिच्छ असा अर्थ लावला आणि त्यासाठी 'किळसवाणा हिममानव' असा अर्थ होणारा इंग्रजी शब्दप्रयोग योजला. खरे तर 'मेतोह' हे 'मि-तेह' या शब्दाचे बिघडलेले रूप आहे. त्यात 'मि' म्हणजे माणूस आणि 'तेह' म्हणजे अस्वल. शब्दात अस्वल समोर उभे होते आणि भाषांतरात तेच गळून पडले. पुढची शंभर वर्षे जगभरची माणसे त्या गळालेल्या अस्वलाच्या जागी एक वानर शोधत राहिली.

शोध कसा चालला हे थोडक्यात सांगतो. १९५१ च्या नोव्हेंबरात एरिक शिप्टन आणि मायकेल वॉर्ड या गिर्यारोहकांना मेनलुंग हिमनदीवर ठसे आढळले आणि एका ठशाशेजारी आइस ॲक्स ठेवून घेतलेले छायाचित्र जगभर छापले गेले. १९५४ मध्ये लंडनच्या 'डेली मेल'ने खास मोहीम पाठवली. त्यानंतर टेक्सासचे तेल व्यावसायिक टॉम स्लिक यांनी अनेक वर्षे पैसा ओतला. हे वेड इतके वाढले की १९५९ च्या सुमारास नेपाळ सरकारने येतीचा शोध घेणाऱ्यांसाठी नियम केले आणि काठमांडूतील अमेरिकी दूतावासाने ते लेखी कळवले. शोधासाठी ५,००० भारतीय रुपये भरावेत, येती दिसल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे किंवा त्याला जिवंत पकडावे, स्वसंरक्षणाखेरीज त्याला मारू नये, आणि छायाचित्रे व बातम्या सरकारच्या परवानगीवाचून बाहेर देऊ नयेत, असे ते नियम होते. येती नेपाळचा आहे, हे या कागदाने इतरांच्या आधी ठरवून टाकले असे मला वाटते.

१९६० मध्ये एडमंड हिलरी यांनी खुमजुंगची ती कातडी सहा आठवड्यांसाठी गावाकडून मागून घेतली. ती गावाबाहेर गेली तर अरिष्ट येईल अशी भीती लोकांना होती, म्हणून गावातले वडीलधारे खुंजो चुंबी तिच्याबरोबर शिकागो, पॅरिस आणि लंडनला गेले. तज्ज्ञांचा निष्कर्ष असा झाला की ती सेरो या रानबोकडासारख्या प्राण्याच्या कातड्यापासून घडवलेली आहे. खुंजो चुंबी यांनी युरोपातील मंडळींना दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. आमच्याकडे जिराफ आणि कांगारू नाहीत म्हणून आम्हाला त्यांची माहिती नाही, तुमच्याकडे येती नाहीत म्हणून तुमचे अज्ञान मी समजू शकतो, अशा आशयाचे ते होते. दुसऱ्याच वर्षी, १९६१ मध्ये, हिलरी यांच्या पुढाकाराने खुमजुंगला शाळा उभी राहिली. त्या कातडीच्या साऱ्या प्रवासातून गावाच्या हाती काही कायमचे लागले असेल, तर ती शाळा.

या विषयाची आवड असलेल्यांनी, विशेषतः हिमालयात फिरलेल्यांनी, आपले अनुभव आणि मतभेद जरूर लिहावेत.

रानजाई

लेख आवडला. वन्यजीवांच्या बाजूने थोडी भर घालते, कारण 'तेह म्हणजे अस्वल' हा तुमचा मुद्दा प्रयोगशाळेतही तसाच निघाला आहे.

शार्लट लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, येतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने डीएनएसाठी तपासले गेले. त्यांत हाडे, दात, कातडी, केस आणि विष्ठा होती. आठ नमुने अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. अस्वलांपैकी सहा तिबेटी तपकिरी अस्वले होती, एक हिमालयी तपकिरी अस्वल आणि एक आशियाई काळे अस्वल. त्याआधी २०१४ मध्ये जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी लडाख आणि भूतानमधील दोन नमुने एका प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतात असे म्हटले होते आणि त्याची बातमी आपल्याकडेही झळकली होती, पण फेरतपासणीत तो निष्कर्ष टिकला नाही.

ठशांचे म्हणाल, तर अस्वल चालताना त्याचे मागचे पाऊल बऱ्याचदा पुढच्या पावलाच्या ठशावर किंवा त्याला लागून पडते. दोन ठसे मिळून एक लांबट ठसा होतो आणि चार पायांचा प्राणी दोन पायांवर गेल्यासारखा वाटतो. मग ऊन पडते, बर्फाच्या कडा वितळतात आणि ठसा दोन दिवसांत दीडपट दिसू लागतो. बोटांच्या खुणा एकमेकींत मिसळल्या की उरतो तो माणसाच्या पावलाचा भास. अस्वल मागच्या पायांवर उभे राहून दूरवर हुंगते, तेव्हा धुक्यातून पाहणाऱ्याला काय वाटेल हे वेगळे सांगायला नको.

मला याहून महत्त्वाचे वाटते ते हिमालयी तपकिरी अस्वलाचे आजचे हाल. त्याच अभ्यासानुसार या अस्वलाची शाखा सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वी इतर तपकिरी अस्वलांपासून वेगळी झाली. इतका जुना प्राणी आज अतिसंकटग्रस्त मानला जातो. काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडच्या उंच कुरणांत त्याचे थोडेच कळप उरले आहेत. कल्पनेतल्या येतीसाठी मोहिमा निघाल्या, आणि ज्याच्या पावलांवरून तो कल्पिला गेला त्याच्याकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष गेले. हे लिहिताना मला खरोखर वाईट वाटते.

पाऊलवाट

रानजाई, मनापासून आभार. एक छोटी दुरुस्ती सुचवू का? अस्वले कळपाने राहत नाहीत, त्यामुळे 'थोडीच अस्वले' असे म्हणणे योग्य होईल. बाकी शेवटच्या परिच्छेदातील प्रत्येक शब्दाशी सहमत आहे.

रानजाई

बरोबर आहे, घाईत लिहिले गेले. पिल्ले असलेली मादी सोडली तर ती एकेकटीच फिरतात.

हिमवंत

धागा उत्तम आहे, तरीही सगळेच अस्वलावर ढकलून मोकळे होणे मला पटत नाही. २९ एप्रिल २०१९ रोजी भारतीय सैन्याने नेपाळातील मकालू शिखराच्या तळछावणीजवळचे ठसे प्रसिद्ध केले होते. ते ९ एप्रिलला दिसले होते आणि त्यांचे माप ३२ इंच गुणिले १५ इंच दिले होते. छायाचित्रांत ते एकामागोमाग एक, एका रेषेत आहेत. डोंगरात आयुष्य काढलेल्या जवानांना अस्वल ओळखता येणार नाही का?

दुसरे असे की विज्ञानाला ठाऊक नसलेले मोठे प्राणी आजही सापडतात. व्हिएतनामच्या जंगलातला साओला हा हरणासारखा प्राणी १९९२ मध्ये उजेडात आला. शिवाय जायगँटोपिथेकस हा महाकाय वानर आशियात खरोखर होऊन गेला. १९३५ मध्ये फोन कोनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगच्या औषधांच्या दुकानात 'ड्रॅगनचे दात' म्हणून विकले जाणारे त्याचे दात मिळाले होते. त्याच कुळातील एका वानराचे जीवाश्म आपल्याकडे शिवालिक टेकड्यांतही सापडले आहेत. मग त्याची एखादी शाखा दुर्गम दऱ्यांत तग धरून राहिली असेल, ही शक्यता इतक्या सहज फेटाळावी का?

रानजाई

हिमवंत, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

सैन्याच्या छायाचित्रांनंतर नेपाळी सैन्याकडून असे सांगण्यात आले की त्या भागात अस्वलांचे ठसे नेहमी दिसतात आणि स्थानिक हमालांनीही ते अस्वलाचेच असल्याचे म्हटले होते. जवानांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला यत्किंचितही शंका नाही. ठसा खरा होता, प्रश्न तो किती जुना आणि किती वितळलेला होता एवढाच आहे.

जायगँटोपिथेकसविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तो सुमारे २,९५,००० ते २,१५,००० वर्षांपूर्वी नामशेष झाला, आणि त्याचे कारणही त्यात दिले आहे. तो दाट जंगलातील फळांवर जगणारा प्राणी होता. हवामान बदलून जंगले विरळ झाली, तेव्हा त्याला आपला आहार बदलता आला नाही. ज्याला दक्षिण चीनची विरळ झालेली जंगले सोसली नाहीत, तो हिमनदीवर काय खाऊन जगेल? साओला सापडला तो स्थानिक शिकाऱ्यांच्या घरांतील शिंगांवरून, म्हणजे त्याचे अवशेष आधीच लोकांच्या हातात होते. येतीचे म्हणून जे अवशेष हाती आले, ते प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाचे निघाले. एकट्या प्राण्याची जात टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या टिकायचे तर अनेक नरमाद्या लागतात, आणि त्यांची विष्ठा, हाडे, सांगाडे कुठेतरी मिळतातच. हिमबिबट्यासारखा लाजाळू प्राणीसुद्धा स्वयंचलित कॅमेऱ्यांत वारंवार टिपला जातो.

हिमवंत

शिंगांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पटले.

सातेरी

मी मूळची पेडणे तालुक्यातली, त्यामुळे हा विषय मला थोड्या वेगळ्या वाटेने जवळचा वाटतो. आमच्याकडे गावाच्या शिवेवर राखणदार असतो. तो कोणी पाहिला आहे का, असे माझ्या आजीला कोणी विचारले असते तर तिला प्रश्नच समजला नसता. त्याला नारळ आणि विडी ठेवायची, तिन्हीसांजेला त्याच्या वाटेवर आवाज चढवायचा नाही, एवढे तिला ठाऊक होते. शेर्पांच्या येतीविषयी वाचताना मला सतत तिची आठवण येते.

एव्हरेस्टच्याच वाटेवरच्या पांगबोचे गावातल्या गोम्पाची कथा सांगते. तिथेही अशीच एक कातडी होती. लामा सांगवा दोर्जे गुहेत ध्यानाला बसले असताना एक येती त्यांच्यासाठी पाणी आणि अन्न आणून देत असे. तो मेला तेव्हा लामांनी त्याच्या डोक्याची कातडी आणि पंजा आठवण म्हणून जपला, आणि पुढे गोम्पा उभारल्यावर त्या वस्तू तिथे ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. म्हणजे गोम्पातील ती कातडी एका सेवकाची स्मृती आहे. ती सेरोच्या कातड्याची आहे हे सिद्ध झाल्याने त्या कथेचे काय बिघडते? आपल्याकडे पालखीत मिरवला जाणारा मुखवटा कोणत्या धातूचा आहे, हे तपासून कोणी देवाविषयी निष्कर्ष काढत नाही.

दुसरी कथा मला अधिक आवडते. येती माणसांची नक्कल करतात असे शेर्पा मानतात. ते पिकांची आणि याकांची फार नासधूस करू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी एक युक्ती केली. सगळे माळावर जमले, मद्य प्यायल्याचे सोंग आणले, लाकडी तलवारींनी लुटुपुटूची लढाई केली आणि संध्याकाळी घरी निघून गेले. जाताना मात्र छांगने, म्हणजे घरगुती मद्याने, भरलेली भांडी आणि खऱ्या, धार लावलेल्या तलवारी तिथेच ठेवल्या. कड्यांवरून सगळे पाहत बसलेले येती रात्री खाली उतरले, प्यायले आणि माणसांसारखे लढू लागले. सकाळपर्यंत बहुतेक मरून पडले. थोडे वाचले ते उंच खडकांत पळाले आणि तेव्हापासून माणसाच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. या कथेत क्रूर कोण, हे लहान मुलालाही कळते.

पाऊलवाट

सातेरीताई, पालखीतील मुखवट्याचा दाखला वाचून मी बराच वेळ थांबलो. हे मला लेखात मांडता आले नव्हते.

पांगबोचेच्या पंजाविषयी एक दुःखद भर घालतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस टॉम स्लिक यांच्या मोहिमेतील पीटर बर्न यांनी त्या पंजाचे एक बोट काढून घेतले आणि त्या जागी माणसाचे हाड बसवले. ते बोट भारतातून लंडनला नेण्यात हॉलिवूडचे अभिनेते जेम्स स्टुअर्ट आणि त्यांच्या पत्नी यांनी मदत केली. २०११ मध्ये एडिनबरा येथे त्याचा डीएनए तपासला गेला आणि ते माणसाचे बोट ठरले. मूळ पंजा आणि कातडी १९९० च्या दशकात गोम्पातून चोरीला गेली. ज्या गावाने शतकानुशतके एक वस्तू सांभाळली, त्या गावाला जगाच्या कुतूहलाने हे दिले.

डोंगरवाट

येतीच्या नावाखाली आपण अनेक वेगवेगळ्या समाजांच्या समजुती एकत्र करतो, हेही नोंदवावेसे वाटते. सिक्कीममधील लेपचा लोकांचा 'चू-मुंग' हा हिमनद्यांचा आत्मा आणि शिकारीचा देव आहे. रानातील सर्व सावज त्याचे, म्हणून शिकारी त्याला त्याचा वाटा देतो. भूतानमध्ये 'मिगोई' हा पाठ काढणाऱ्यांना फसवण्यासाठी उलटा चालतो असे मानतात, आणि पूर्व भूतानमधील साकतेंग अभयारण्याची ओळख मिगोईचे निवासस्थान अशीच आहे. भूतानने १९६६ मध्ये त्याच्यावर टपाल तिकिटेही काढली. मेघालयातील गारो टेकड्यांत 'मांदे बारुंग' म्हणजे रानमाणूस आहे. त्याचे म्हणून मिळालेले केस २००८ मध्ये ब्रिटनमध्ये तपासले गेले आणि ते गोरल या प्राण्याचे निघाले. गारो टेकड्यांत तर बर्फ पडतच नाही, तरी बातम्यांत त्यालाही 'भारतीय येती' म्हटले गेले.

चित्रांत आणि चित्रपटांत दिसणारा पांढरा, दात विचकणारा येती यांपैकी कोणाच्याच कथेतला नाही. तो बर्फावरून उलट्या दिशेने सुचलेला आहे. या सगळ्यात अपवाद म्हणून एर्जे यांच्या टिनटिनच्या तिबेटमधील साहसाचा उल्लेख करायला हवा. १९६० मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्या चित्रकथेत येती तपकिरी आहे आणि विमान अपघातातून वाचलेल्या चांग या टिनटिनच्या मित्राची तो काळजी घेतो. निरोपाच्या वेळी त्याच्याकडे पाहताना वाचकाच्या मनात भीतीऐवजी कणव दाटते. पांगबोचेच्या लामांना पाणी आणून देणारा येती त्याच्या फार जवळचा आहे.

शब्दशोधक

सर्व प्रतिसाद वाचले. शब्दांविषयी दोन गोष्टी सांगतो, त्यांतली एक धागाकर्त्यांच्या विरोधात आहे.

'हिममानव' हा मराठी शब्द केवळ चुकीच्या भाषांतरातून आला, असे लेखावरून कोणाला वाटेल. ते अर्धेच खरे आहे. हमालांनी उच्चारलेल्या जोडनावात 'कांग' म्हणजे बर्फ आणि 'मी' म्हणजे माणूस असा दुसरा भाग होता, आणि त्याचा 'हिममानव' हा अगदी शब्दशः अर्थ आहे. मराठी वर्तमानपत्रांनी त्याचे 'किळसवाणा' हे विशेषण बहुधा गाळलेच. म्हणजे न्यूमन यांच्या चुकीचा वाईट भाग आपल्या शब्दात फारसा शिरला नाही.

आपली चूक वेगळीच आहे, आणि ती 'यती' या लेखनात आहे. २०१९ च्या बातम्यांपासून मी हे रूप सतत पाहतो आहे. संस्कृतात आणि मराठीत यती म्हणजे संयमी, संन्यासी, आणि छंदशास्त्रात ओळीतला विराम. अंगभर केसांचा डोंगरी प्राणी आणि यती यांचा काडीचाही संबंध नाही. शेर्पा शब्द 'येह-तेह' असा आहे. 'येह' म्हणजे खडकाळ जागा, म्हणून तो खडकांतला प्राणी किंवा खडकांतले अस्वल. गुरे मारणाऱ्या मोठ्या अस्वलाला शेर्पा 'द्झु-तेह' म्हणतात, त्यातही तोच 'तेह' आहे. मराठीत 'येती' लिहिले तर ते मूळ उच्चाराजवळ राहते. कवितेत 'येती' हे 'येतात' या अर्थाने भेटते खरे, पण तिथे संदर्भामुळे गोंधळ होण्याचा संभव नाही. धाग्याच्या शीर्षकात आणि लेखात सगळीकडे 'यती' आहे, ते कृपया बदलावे, ही विनंती.

पाऊलवाट

शब्दशोधक, दोन्ही मुद्दे मान्य. 'हिममानव' या शब्दावर मी मनातल्या मनात अन्याय करीत होतो. शीर्षकात आणि मूळ लेखात सर्वत्र 'यती' काढून 'येती' केले आहे. रानजाई, तुमच्या विष्ठा आणि हाडांच्या उत्तरावरून आणखी एक विचारायचे आहे. द्रास आणि झंस्कारकडे तपकिरी अस्वले दिसतात असे ऐकून आहे, आणि येत्या उन्हाळ्यात आमचा गट झंस्कारला जाणार आहे. तिथे ठसे दिसले तर कोणती मापे घ्यावीत आणि छायाचित्र कसे काढावे, हे लिहाल का?

रानजाई

अवश्य. शक्यतो सकाळी, ऊन चढण्यापूर्वी काढा. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवा, कॅमेरा सरळ वरून धरा आणि एकाच ठशावर न थांबता सलग आठ-दहा ठशांची रांग टिपा. शिप्टन यांच्या त्या प्रसिद्ध एका ठशाने जगाला इतकी वर्षे झुलवले, त्याचे एक मोठे कारण हेच की त्याच्या मागचा आणि पुढचा ठसा त्या छायाचित्रात नव्हता. पुढच्या आणि मागच्या पावलांची लांबी-रुंदी वेगवेगळी लिहा, नखांच्या खुणा बोटांपासून किती दूर आहेत ते पाहा, आणि विष्ठा दिसली तर हात न लावता फक्त जागा टिपून ठेवा. प्राणी समोर आलाच तर त्याच्या आणि पिल्लांच्या मध्ये जाऊ नका. परत आलात की याच धाग्यावर लिहा.